पत्रातली शेवळं पोस्टमध्ये नेताना

रानभाज्यांवर मी ईमेलनं एक पत्र पाठवते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला एक भाजी: ती कुठे उगवते, बाजारात कोण आणतं, निवडायची कशी, रांधायची कशी. वाचणारे मोजके, पण मन लावून वाचणारे. तोच मजकूर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर नेला तर रानभाजी कधी न चाखलेल्यांपर्यंतही पोचेल, म्हणून आता तेही करते. एका पत्रातून चार-पाच पोस्ट सहज निघतात. कुठलं वाक्य कुठल्या वाक्यापासून तोडायचं नाही, हे मात्र शेवळांवरच्या पत्रानं मला शिकवलं.

शेवळं पहिल्या पावसाच्या आसपास जमिनीतून वर येतात. शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बाया त्यांच्या जुड्या कल्याण-ठाण्याच्या बाजारात आणतात आणि सोबत काकडं नावाची आंबट फळं देतात. ती उगाच देत नाहीत. शेवळं सुरणाच्या कुळातली. त्यांतले कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे स्फटिक घशाला टोचतात आणि खाज सुटते. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडं किंवा चिंच घालून भाजी नीट शिजवायची. पत्रात हे सगळं ओळीनं येतं. शेवळांची कणी या पदार्थाच्या कृतीपाशी येईपर्यंत वाचकाला खाजेचं कळलेलं असतं.

पोस्टमध्ये हा क्रम राहत नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये २,२०० अक्षरं मावतात खरी, पण समोर दिसतात पहिल्या एक-दोन ओळी. एक्सवर साध्या खात्याला २८० अक्षरं, आणि तिथे काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'स्त्री' एवढा शब्दच सहा अक्षरं खातो. व्हॉट्सॲपवर तर चित्र या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये जाताना खालचा मजकूर कधी गळून पडेल, सांगता येत नाही. नुसती कृती अशी एकटी फिरली आणि कुणी पहिल्यांदाच शेवळं आणून साध्या पाण्यात शिजवली, तर घरादाराचे घसे खाजतील. ते घर पुन्हा शेवळांकडे वळणार नाही.

म्हणून सावधगिरीची ओळ मी चित्रावरच लिहिते. उभं चिरलेलं शेवळ, आतल्या पिवळ्या भागावर टेकवलेलं बोट, आणि वर ठळक अक्षरांत: 'हा भाग काढा. काकडं किंवा चिंच घालाच.' कृतीच्या चित्रावर हीच ओळ पुन्हा येते. आधी ते चित्र जुन्या, लहान पडद्याच्या फोनवर उघडून बघते. जोडाक्षरं वाचता आली तरच पुढे पाठवते. शीर्षकही बदलते. पत्राला 'शेवळं आली' एवढं पुरतं, कारण वाचक ओळखीचा. अनोळखी माणसाला विचारावं लागतं, 'बाजारात हे जांभळट कोंब दिसले का?'

काही गोष्टी मात्र पत्रातच राहतात. शेवळं विकणाऱ्या आजींनी कुठल्या डोंगराच्या कुशीत ती मिळतात ते सांगितलं होतं. ठावठिकाणा मी पत्रातही मोघमच लिहिला आणि पोस्टमधून तर पूर्ण वगळला. शेकडो माणसं तिथे जाऊन खणू लागली तर आजींचं पोट कशावर भरणार? त्यांचा फोटोही पोस्टमध्ये नाही. पत्रासाठी त्यांनी हो म्हटलं होतं. तो होकार जगभर फिरवायला पुरेसा आहे असं मला वाटत नाही. जुडी धरलेले हात तेवढे दाखवले, तेही त्यांना पुन्हा विचारून.

पत्र आधी जातं, पोस्ट आठवड्यानं. नाव नोंदवून थांबलेल्या वाचकांचा तेवढा मान राखायलाच हवा. शिवाय त्यांच्या उत्तरांतून पोस्टचा मजकूर सुधारतो. चिंच किती घालायची हा प्रश्न इतक्यांनी विचारला, की ते प्रमाण आता चित्रावरच देते.

तुम्हीही खाण्यापिण्यावर, औषधांवर किंवा शेतीवर असं पत्र लिहीत असाल, तर एक करा. पोस्ट टाकण्याआधी ती पत्र न वाचलेल्या माणसाच्या हातात द्या आणि विचारा, 'यावरून तू आता नेमकं काय करशील?' उत्तर चुकलं तर पोस्ट थांबवा.