जानेवारीतला उन्हाळा

माझी ताई मेलबर्नला असते. तिला तिकडे जाऊन पंधरा वर्षं झाली, पण तिकडे उन्हाळा जानेवारीत येतो ही गोष्ट आमच्या आईने अजून मंजूर केलेली नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर प्रकरण विचाराधीन आहे.

तसं पाहिलं तर मलाही हे ज्ञान भूगोलाने दिलं नाही, क्रिकेटने दिलं. सव्वीस डिसेंबरला मेलबर्नची कसोटी सुरू होते, तेव्हा नाशिकला पहाटेचे पाच वाजलेले असतात. आपण डोक्यावरून रग घेऊन, कानाला मफलर बांधून टीव्हीसमोर बसावं, आणि समोर नाकाला पांढरं मलम फासलेली माणसं उन्हात पळताना दिसावीत! त्या वयात मला ते एकाच सूर्याचं काम वाटतच नसे.

आईला समजावण्यात मी कसूर केलेली नाही. एकदा देव्हाऱ्यातलं निरांजन सूर्य म्हणून मधे ठेवलं आणि एक मोसंबं तिरकं धरून त्याच्याभोवती फिरवलं. पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली, डिसेंबरात तिची खालची बाजू सूर्याकडे, म्हणून तिकडे उन्हाळा आणि इकडे थंडी. एवढंच नव्हे, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, जुलैतल्यापेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटरनी जवळ. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मोसंबं सोलणार आहेस, की ज्योतीवर भाजणार आहेस?"

आता सूर्य इतका जवळ म्हटल्यावर दक्षिण गोलार्धाची होळीच व्हायची. पण तिकडे पाचातले चार भाग पाणी. समुद्र हा मोठा चिवट खातेदार. उष्णता जमा करून घेतो आणि काढायची वेळ आली की नखभर नखभर काढतो. त्यामुळे त्या अख्ख्या गोलार्धाची सरासरी काढली तर तिथला उन्हाळा आपल्या गोलार्धापेक्षा सौम्यच निघतो. सरासरी मी बी.कॉम.ला शिकलो. तिने कोणाचा घाम पुसला गेल्याचं ऐकिवात नाही. १३ जानेवारी २०२२ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ऑन्स्लो गावी पारा ५०.७ अंशांवर गेला. त्या दिवशी आपल्याकडे भोगी होती आणि आम्ही अंगात ऊब यावी म्हणून तीळ लावलेली बाजरीची भाकरी लोणी घालून खात होतो!

आई आणि ताईचा फोन दर रविवारी. पंधरा वर्षांत त्यांनी हवेशिवाय दुसरा विषय काढलेला मला आठवत नाही. "हवा कशी आहे गं?" "एक्केचाळीस आहे आई." "मग कांदा ठेव खिशात." "अगं, ऑफिसात कांदा कसा नेऊ?" "पर्समध्ये ने. कोण बघतंय?" मग आमची हवा सांगितली जाते. ताई तिकडे चाळिशीत, आई इकडे दहा अंशांत, आणि दोघी एकमेकींना काळजी घ्यायला सांगतात. मी मधे बसून माझ्या जुन्या डायरीत दोन्ही आकडे लिहितो. जमा आणि नावे. टॅली आजवर झालेली नाही.

भानगड झाली ती स्वेटरची. भाच्याच्या जन्मापासून आई दर दिवाळीनंतर सुया घेऊन बसते आणि एक स्वेटर विणते. तो डिसेंबरच्या शेवटी, नेमका भर उन्हाळ्यात मेलबर्नला पोचतो. पहिली दोन-तीन वर्षं मी सांगून पाहिलं, की अगं आई, जूनमध्ये पाठव. "जूनमध्ये स्वेटर?" असं म्हणून तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आमचे मॅनेजरसाहेब रजेच्या अर्जाकडे पाहतात.

आणि एका रविवारी ताईच म्हणाली, "आई, काल तुझा स्वेटर घातला हं त्याने." जानेवारीत! झालं होतं असं, की मेलबर्नला उत्तरेचा वारा सुटला की तो थेट वाळवंटावरून भाजत येतो. आपल्याकडे उत्तरेचा वारा म्हणजे हुडहुडी, तिकडे तो भट्टीचं दार. दिवसभर पारा चाळिशीवर. मग संध्याकाळी वारा एकाएकी फिरतो आणि दक्षिणेच्या समुद्रावरून येऊ लागतो. त्या समुद्रापलीकडे एकदम अंटार्क्टिका. कधी कधी तासाभरात पारा पंधरा-वीस अंश उतरतो. याला तिकडे 'कूल चेंज' म्हणतात आणि लोक त्याची एसटीची वाट पाहावी तशी वाट पाहतात. भाचा बिचारा चड्डी-बनियनवर खेळायला गेला होता, तो कुडकुडत परत आला. आईने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही. त्या वर्षी तिने दोन स्वेटर विणले.

१४ जानेवारी २०२०. पुन्हा भोगीच, आणि वार मंगळवार. रविवार नसताना ताईचा फोन वाजला तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. पूर्वेकडे गिप्सलँडची जंगलं दोन आठवड्यांहून जास्त दिवस पेटलेली होती आणि त्यांचा धूर मेलबर्नवर उतरला होता. पोहण्याचे तलाव बंद. ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीत एक खेळाडू खोकता खोकता कोर्टवरच गुडघे टेकून बसली आणि सामना सोडून गेली. ताई म्हणाली, दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबलेत, मुलाला घरातच ठेवलंय, समोरच्या इमारती दिसत नाहीत.

आई भाकरी थापता थापता फोनवर आली होती. "हवा कशी आहे?" तिने सवयीने विचारलं.

"हवाच नाहीये गं आई," ताई म्हणाली.

कांदा नाही, कोकम सरबत नाही, वाळ्याचं पाणी नाही. आईला पहिल्यांदाच काही सुचवता येईना. "खिडक्या नीट लाव," एवढंच म्हणाली. मग पुन्हा, "लावल्यास ना?" मग आणखी एकदा. फोन ठेवल्यावरही ती तशीच उभी राहिली, पिठाचे हात साडीपासून लांब धरून.

मी त्या दिवशी डायरीत काय लिहावं म्हणून पेन काढलं, तेवढ्यात वास आला. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती आणि स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. मी गॅस बंद केला आणि खिडकी उघडायला धावलो.

"उघडू नकोस," आई म्हणाली, "धूर आत येईल."

मी खिडकीची कडी तशीच राहू दिली.