कॅलिपरची पिन

चाकाआड, ब्रेकच्या कॅलिपरच्या आधाराला तिचा मुक्काम. करंगळीच्या मापाची, गुळगुळीत, पोलादी. एका टोकाला बोल्टसाठी आटे, गळ्याशी घड्यांचा रबरी बूट. एका कॅलिपरला बहुधा अशा दोघी असतात. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यालाही त्यांची ओळख नसते.

तिचं काम एकच, सरकणं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरला पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. पेडल दाबलं की तो आतलं पॅड डिस्कवर रेटतो. बाहेरच्या पॅडला रेटणारं कुणीच नसतं. मग अख्खा कॅलिपर या दोघींच्या भरवशावर उलट दिशेला सरकतो आणि बाहेरचं पॅड डिस्कवर ओढून आणतो. हे सरकणं जेमतेम मिलिमीटरच्या अंशाचं, पण त्यावाचून डिस्क दोन्हीकडून सारखी धरली जात नाही. पॅड झिजत जातं तसतसा कॅलिपर पिनसह आत येत राहतो; ती झीज ती मुकाट्याने सांभाळून घेते.

स्वभावाने अबोल. तिचं दुखणं दुसऱ्यांच्या अंगावर दिसतं. बूट फाटतो, पावसाळ्यातलं पाणी आणि चिखल आत शिरतो, ग्रीस सुकतं, गंज धरतो आणि पिन जाम होते. मग आतलं पॅड झिजून पाठीच्या पत्र्याला टेकतं, बाहेरचं जाडजूडच राहतं. कधी ब्रेक धरून राहतो: गाडी एका बाजूला ओढते, एकच चाक तापतं, त्याच्यापाशी जळका वास येतो.

जाणता मेकॅनिक कॅलिपर सोडवला की होजवर लोंबकळू देत नाही, तारेने बांधून ठेवतो. पिन फिरवत फिरवत ओढतो. फडक्यावर काळपट-तांबूस चिकटा उतरतो. ब्रेक क्लीनरने पिन आणि तिचं भोक दोन्ही स्वच्छ करायचं. गंजाने खड्डे पडले असतील तर पिन बदलायची, फाटका बूटही. ग्रीस ब्रेकचंच हवं, सिलिकॉनचं. बेअरिंगचं साधं ग्रीस चालत नाही. त्यातल्या खनिज तेलाने बुटाचं रबर फुगतं. ब्रेकचं ग्रीसही पातळ थर देऊनच. जास्त भरलं तर भोकाच्या तळाशी हवा कोंडते आणि पिन मागे ढकलली जाते. काही गाड्यांत दोघींपैकी एकीच्या टोकाला रबराची बाही असते, म्हणून जिची जागा तिलाच द्यायची. शेवटी बोटाने दाबून बघायचं: ती अडखळता कामा नये.

नवी पॅडं घालून सुकलेल्या पिना तशाच ठेवल्या, तर नवी पॅडंही वाकडीतिकडीच झिजणार. म्हणून पॅड बदलायला गाडी देताना एवढं विचाराच: पिना बाहेर काढून बघणार ना? लागणारं ग्रीस चमचाभरही नाही. घाट उतरताना मात्र गाडीतल्या सगळ्यांचा भार तिच्या त्या इवल्याशा सरकण्यावर असतो.