दादर, फलाट क्रमांक एक

लोकलच्या स्थानकांची यादी ही गिरगाव-परळकडच्या मुलाला भेटणारी पहिली डेटा स्ट्रक्चर. चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी ही नावे पाढ्यासारखी तोंडपाठ होतात. क्रम चुकला की घरातले कोणीतरी टोकतेच. कॉलेजात पायथन शिकताना हीच नावे ‘लिस्ट’मध्ये जातात आणि बरेच दिवस तेवढ्यावर भागते.

पण लिस्टमध्ये एकच मार्ग मावतो. चिंचपोकळीहून वांद्र्याला जाताना दादरला गाडी बदलायची, की परळला उतरून पुलावरून प्रभादेवी गाठायचे, हा प्रश्न आला की ग्राफ लागतो. पायथनमध्ये असा तयार प्रकार नाही. डिक्शनरी आणि सेट वापरून स्वतःचा क्लास लिहावा लागतो. प्रत्येक स्थानक ही ‘की’, त्याची शेजारची स्थानके ही ‘व्हॅल्यू’. दुहेरी अंडरस्कोरमधल्या ‘लेन’, ‘कंटेन्स’, ‘इटर’ या मेथड लिहिल्या की हा घरगुती क्लासही मूळच्या प्रकारांसारखाच वापरता येतो.

असा क्लास तपासणाऱ्या टेस्टची गरज खरी कळते ती नोकरीत, दुसऱ्याने लिहिलेला कोड बदलताना. ‘युनिटटेस्ट’ हे मोड्यूल पायथन २.१ पासून, म्हणजे २००१ पासून, भाषेसोबतच येते. त्याचा वंश केंट बेक आणि एरिक गामा यांच्या ‘जेयुनिट’पर्यंत जातो. त्यातली ‘सेटअप’ मेथड प्रत्येक टेस्टआधी ग्राफ नव्याने उभा करते. त्यामुळे एका टेस्टने मेगाब्लॉकसाठी भायखळा-दादर जोडणी तोडली, तरी पुढच्या टेस्टला रविवारची शिक्षा नाही.

कस लागतो तो दादरला. तिथे पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेंचे फलाट एकपासून सुरू होत. ‘दादर, १’ ही की डिक्शनरीत दोनदा घातली तर पायथन कुरकुरत नाही. आधीची नोंद मुकाट्याने पुसतो. म्हणून रेल्वे, स्थानक आणि क्रमांक मिळून फलाटाचा वेगळा क्लास करावा. त्यात समानता ठरवणारी ‘इक्यू’ लिहिली आणि ‘हॅश’ विसरली, तर तो की म्हणून चालत नाही. तिथे मात्र पायथन ‘टाइपएरर’ देतो.

९ डिसेंबर २०२३ पासून दादरचा घोळ मिटला. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले, मध्य रेल्वेचे आठ ते चौदा झाले. जुन्या क्रमांकावरून नवा काढणारे फंक्शन घाईत लिहिणारा सात मिळवून मोकळा होईल. एकचा आठ झाला, टेस्ट हिरवी! प्रत्यक्षात एक क्रमांकाचा फलाट रुंद करताना दोन क्रमांक आधीच रद्द झाला होता, त्यामुळे तीनचा नऊ झाला आणि आठचा चौदा. पहिल्या क्रमांकावरची टेस्ट इथे काहीच सांगत नाही. तीन आणि आठ तपासावेच लागतात. दोनसाठी ‘असर्टरेझेस’ लावून चूकच अपेक्षित धरायची.

नावांचे दुखणे त्याहून जुने. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी जुलै २०१८ मध्ये झाले, पण जुने नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही आणि शोधाच्या चौकटीतही तेच टाइप होते. मग टोपणनावांची दुसरी डिक्शनरी आली. तिला दोन टेस्ट लागतात: दोन्ही नावे एकाच स्थानकावर पोचतात का, आणि तसे होताना ‘लेन’ने दिलेली स्थानकांची संख्या होती तेवढीच राहते का.