बावन्नचे पंचवीस

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. पदव्युत्तर वर्गात ध्वनिपरिवर्तन समजावताना संख्यावाचक शब्दांची उदाहरणे घेणे ही आमची जुनी खोड. संस्कृतातला 'द्वि' प्राकृताच्या वाटेने मराठीत येतो आणि बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी अशा निरनिराळ्या शब्दांत 'बा', 'ब', 'बे', 'ब्या' ही रूपे घेऊन नांदतो. पन्नाशीत बावन्न आणि सत्तावन्न म्हणणारी भाषा मध्येच त्रेपन्न आणि छप्पन्न म्हणते. सत्तरच्या 'स'चा बाहत्तरमध्ये 'ह' होतो. रोज तोंडात असलेल्या शब्दांच्या पोटात एवढा इतिहास आहे हे पाहून विद्यार्थी चकित होतात, आणि त्यांचे ते चकित होणे आम्हांला मनापासून आवडते.

असे असूनही पोटच्या मुलीला शंभरपर्यंतचे आकडे ऐकून लिहायला शिकवणे आम्हांला साधले नाही. हा लेख त्या फजितीचा आहे.

लेक तेव्हा दुसरीत होती. तिला मराठी माध्यमाच्या शाळेत घालण्याचा निर्णय आम्ही विचारपूर्वक आणि नातेवाइकांची नापसंती पत्करून घेतला होता. त्यामुळे तिच्या वहीतली प्रत्येक लाल खूण आम्हांला, आपल्या निर्णयावर कोणी शेरा मारावा, तशी बोचत असे. संध्याकाळी स्वयंपाक होईपर्यंत अंकलेखन चाले. आम्ही 'बावन्न' म्हणावे, तिने २५ लिहावे. 'त्रेसष्ट'चे ३६, 'एक्क्याऐंशी'चे १८. मजा म्हणजे अर्ध्याअधिक संख्या अचूक असत. तेव्हा हिला येते, पण ही लक्ष देत नाही, असा निष्कर्ष आम्ही काढला. शाळेतूनही तोच शेरा आला होता. एका संध्याकाळी आवाज चढला, वही हिसकावली गेली. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "पण आई, तू आधी दोन म्हणतेस ना?"

त्या रात्री ती झोपल्यावर आम्ही वही पुन्हा उघडली. उत्तरपत्रिका तपासण्यात उभे आयुष्य चालले असूनही जे दिसले नव्हते, ते तेव्हा दिसले. चुका बहुतेक सगळ्या पहिल्या उभ्या रांगेत होत्या. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसून, काही न बोलता, नुसती पेन्सिल पाहिली. 'बावन्न' ऐकताच ती 'बा' ओळखून आधी २ लिही आणि मग त्याच्या डाव्या चौकटीत ५ मांडी. मधल्या रांगांत डावीकडे चौकट मोकळी असल्यामुळे उत्तर बरोबर येई. पहिल्या रांगेत मात्र समासाला लागूनच लिहायचे ही शाळेची शिस्त. तेथे डावीकडे जागाच नसे, म्हणून बिचारा ५ उजवीकडे जाई. बेचा पाढा पाठ असलेली ती मुलगी आम्ही उच्चारलेला शब्द ज्या क्रमाने ऐकू येत होता त्याच क्रमाने लिहीत होती. आमच्यापेक्षा तिचेच लक्ष अधिक होते.

मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. 'एकविंशति' म्हणणाऱ्या संस्कृताकडून हा क्रम आपल्याकडे आला. कन्नड, तेलुगू, तमिळ या भाषांत वीस आधी आणि एक नंतर, इंग्रजीतही तसेच. जर्मनमध्ये पुन्हा आपल्यासारखे. हे सारे आम्हांला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि सात वर्षांच्या मुलाच्या हातातून ते जाताना पाहणे यांत केवढे अंतर असते, ते मात्र ठाऊक नव्हते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला. थट्टा विधानसभेपर्यंत पोचली. आमच्या प्राध्यापक-कक्षातही आम्ही हिरिरीने बोललो होतो: भाषेची मोडतोड, वारशाचा ऱ्हास, वगैरे. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की बोलण्या-लिहिण्याच्या उलट्या क्रमामुळे आणि जोडाक्षरांमुळे मुले गोंधळतात. जुने शब्द काढून टाकलेले नाहीत, दोन्ही वाचने दिली आहेत. ते आम्ही ऐकले, पण मनावर घेतले नाही. पुढे लेकीच्या पुस्तकात ती दोन वाचने शेजारी-शेजारी आली, तर आम्ही घरी पहिले वगळून दुसरेच तिच्याकडून म्हणवून घेत होतो. मुलीसाठी ठेवलेली पायरी आमच्या भाषाभिमानाने काढून घेतली होती. नारळीकर २०२३ मध्ये गेल्या. त्यांची मनातल्या मनात क्षमा मागण्यावाचून आता काही उरलेले नाही.

उपाय अगदी साधा निघाला. आम्ही 'पन्नास दोन, बावन्न' असे जोडीने म्हणू लागलो. जिना उतरताना, केस विंचरताना, शेंगा सोलताना. तिच्या आजीला हे प्रथम रुचले नाही. पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीला त्यात लाड दिसले. पण दोनेक महिन्यांत 'पन्नास दोन' आपोआप गळाले आणि बावन्न तेवढे उरले. भाषा काही मोडली नाही.

पुढे एकदा मोजता मोजता ती अडली. "एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद. मग एकोणशंभर का नाही?" हा प्रश्न आमच्या वर्गात इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. आम्ही सांगितले की संस्कृतात 'नवनवति' आणि 'एकोनशत' असे दोन्ही होते. मराठीने पहिले घेतले. ती म्हणाली, "मग दुसरं आपण घेऊ."

तेव्हापासून आमच्या घरात अठ्ठ्याण्णवनंतर एकोणशंभर येते. शाळेच्या वहीत ती बिनचूक नव्व्याण्णव लिहिते. कोठे काय म्हणायचे ते तिला कळते.