शेजार

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, सान लुईस खोऱ्यात वाळूच्या प्रचंड टेकड्या आहेत. त्यांच्या जवळच्या गवताळ माळावर ओंडक्यांचे एक दुमजली घर ओसाड उभे आहे. तिथून काही अंतरावर दुसरे घर होते. त्याच्या केवळ खुणा उरल्या आहेत.

ते दुसरे घर तेओफिलो त्रुहियो यांचे. स्पॅनिश बोलणारे हे कुटुंब 1860 च्या दशकात येथे आले आणि मेंढ्या पाळून सधन झाले. घर कच्च्या विटांचे होते. अशा विटेला स्पॅनिशमध्ये ‘अदोबे’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अत्-तूब’वरून आलेला! अंदलुसच्या मुसलमानांचा शब्द समुद्र ओलांडून इथवर पोहोचला, याचे आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना फार नवल वाटले.

मुलगा पेद्रो याने मात्र 1879 साली लाकडी घर बांधले, इंग्रजी बोलणाऱ्या नव्या शेजाऱ्यांसारखे. गुरेही त्यांच्यासारखीच पाळली.

पण कुरणावरून वाद पेटला. 1902 साली गुरेवाल्यांनी तेओफिलोंच्या मेंढ्या मारल्या, नंतर त्यांचे घरही जाळले गेले. बापलेकांनी जमिनी विकल्या आणि जागा सोडली.

2012 साली सरकारने या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. उशिरा का होईना, आठवण राहिली.

पेद्रोने शेजाऱ्यांसारखे घर बांधले, पण त्याला शेजार मिळाला नाही. प्रेषितांनी (स.) शेजाऱ्याच्या हक्काची वारंवार ताकीद का दिली, हे अशी ओसाड घरे आपल्याला सांगतात.