माळ्यावरची जॉयस्टिक

धाकट्याच्या बारावीत त्याची जॉयस्टिक मीच माळ्यावर टाकली. ‘डॉक्टर व्हायचंय ना? मग गेम बंद!’ आज पठ्ठ्या सर्जरी शिकतोय. आईच्या पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं आणि माझी जाम तंतरली. तेव्हा त्याने सरावाचा डबा दाखवला. स्क्रीनकडे बघत लांब चिमट्याने मणी उचलायचे. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे! मला एकही जमला नाही.

‘ताई, न्यूयॉर्कला ३३ डॉक्टरांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्यांच्या अशा सरावात ३७ टक्के चुका कमी.’

फक्त ३३? असो.

उद्या आठला ऑपरेशन. आईचे सर्जन पन्नाशीचे. लहानपणी काय खेळायचे, कसं विचारणार? रात्री गुपचूप माळा धुंडाळला. जॉयस्टिक नाही. आईने ती कधीच भंगारवाल्याला दिली होती.