पेटीवरचं नाव

समोरच्याच्या पहिल्या दोन वाक्यांवरून त्याचं गाव, आळी आणि स्वभाव ओळखण्याची विद्या रत्नागिरीकराला उपजतच असते. हल्ली ती आम्ही संगणकवाल्यांना लावतो. 'मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे' एवढ्याने आता भागत नाही. 'कुठल्या भाषेत?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. पायथन म्हटलं की चहाबरोबर पोहे, जावा म्हटलं की नुसता चहा आणि कोबॉल म्हटलं की पाणी!

आमच्या पुतणीला पाहायला आलेला मुलगा नेमका कोबॉलवाला निघाला. बँकेचे हिशेब सांभाळतो म्हणाला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पुतण्याने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"काका, ती भाषा १९५९ सालची आहे!"

"मी तिच्याहून चार वर्षांनी मोठा. मलाही घराबाहेर काढतोस का?"

तसं पाहिलं तर पोराच्या बाजूने मोठमोठी माणसं आहेत. एड्सखर डाइक्स्ट्रा या डच पंडिताने १९७५ साली लिहून ठेवलंय, की कोबॉल शिकवणं हा गुन्हाच समजावा. तरी कितीतरी बँकांचा गाडा अजून तिच्यावरच चालतो. उलट ज्या पायथनचा एवढा थाट, ती बाहेर आली १९९१ साली. तिचं नाव अजगरावरून नव्हे, इंग्लंडातल्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमावरून पडलं. शिवाय तिचा नेहमीचा दुभाषा लिहिलाय सी भाषेत, आणि सी आहे १९७२ च्या सुमाराची. म्हणजे मिरवतो नातू, पण घर आजोबांच्या नावावर!

बरं, भाषा माणूस स्वतः निवडतो कुठे? पहिल्या नोकरीत जी गळ्यात पडते, तिच्याशीच बिचारा संसार करतो.

पुतणीने त्या मुलाला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही लिहिलेलं दुसऱ्याला वाचून कळतं का?"

मुलगा जरा विचार करून म्हणाला, "मी रजेवर असलो की ऑफिसातून फोन येत नाही."

पुतणी उठली, आत गेली आणि पोह्यांची बशी घेऊन आली.

आमच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पेटीवरचं नाव अवश्य वाचावं. पण आत साका आहे की नाही, हे पेटी सांगत नाही. आंबा निदान कापून तरी पाहता येतो. जावयाच्या बाबतीत ती सोय नाही, म्हणून प्रश्न तरी नीट विचारावा!